मॉनिटर २४ इंची घ्यावा की २७ इंची?

प्रवेश झाला की विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. इंचाचा आकडा म्हणजे फक्त पडद्याच्या कर्णाची लांबी. पडद्यावर किती मजकूर मावेल, हे पिक्सेलच्या संख्येवर ठरते.

समजा, दोन्ही मॉनिटर फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८० पिक्सेलचे आहेत. पायथागोरसच्या प्रमेयानुसार:

कर्ण = √(१९२०² + १०८०²) ≈ २२०३ पिक्सेल
२४ इंची: २२०३ ÷ २४ ≈ ९२ पिक्सेल प्रति इंच
२७ इंची: २२०३ ÷ २७ ≈ ८२ पिक्सेल प्रति इंच

म्हणजे जास्त पैसे मोजूनही कोडची एकही ओळ जास्त दिसत नाही. अक्षरे फक्त मोठी होतात, आणि जवळून पाहिल्यास त्यांच्या कडा खडबडीत दिसतात. हॉस्टेलच्या अरुंद टेबलावर तुम्ही पडद्याच्या जवळच बसता, हे लक्षात घ्या.

बारीक अक्षरे वाचायला त्रास होत असेल, तर मोठ्या अक्षरांचा फायदाच आहे. एरवी २७ इंची घ्यायचा असेल तर २५६० × १४४० पिक्सेलचा घ्या. त्याची घनता सुमारे १०९ येते. कोड आणि नोट्स शेजारी-शेजारी मावतात. तेवढे बजेट नसेल, तर २४ इंची फुल एचडी पुरेसा आहे.

दुकानात आधी पिक्सेल विचारा, मग इंच.