मोटारीची पुढची काच, काचेमागचा कॅमेरा आणि विम्याचा दावा



गाळप हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक आणि टायरगाड्यांची रीघ लागते. कडेची खडी टायरखाली येते, उडते आणि मागच्या मोटारीच्या काचेवर बसते. आपल्यापैकी अनेकांनी हा अनुभव घेतला असेल. पूर्वी अशा वेळी काच बदलली की विषय मिटत असे. आता तसे राहिलेले नाही, आणि ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपल्या एका सभासदाची गेल्या हंगामातली हकीकत आहे. नवी गाडी, पुढच्या काचेवर खडा बसला, रात्रीतून तडा आडवा पसरला. तालुक्याच्या गॅरेजमध्ये काच बदलली, विमा कंपनीने काचेचे पैसे मंजूर केले, गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर कॅमेऱ्याचा पिवळा इशारा! मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली तर तिथला मिस्त्री म्हणाला, "आबा, काच बसली, पण कॅमेऱ्याची नजर कुठं जुळवलीय? ते काम वेगळं, त्याचं बिल वेगळं." विमा कंपनीला फोन केला तर उत्तर आले की क्लेम बंद झाला.

आता हा कॅमेरा काय ते पाहू. आतल्या आरशाच्या मागे, काचेला चिकटून एक छोटा कॅमेरा असतो. २०२१ साली आलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आणि एमजी ॲस्टर या गाड्यांपासून आपल्याकडे मध्यम किमतीच्या मोटारीतही तो दिसू लागला. २०२४ च्या क्रेटाच्या वरच्या प्रकारांतही तो आहे. रस्त्यावरचे पट्टे आणि पुढची वाहने तो पाहतो. गाडी पट्ट्याबाहेर जाऊ लागली तर सावध करतो, धडक होण्याचा संभव दिसला तर ब्रेक लावायला मदत करतो.

आपण कारखान्याचा वजनकाटा जाणतो. काटा दुरुस्त केला की तो तसाच वापरता येत नाही. वैधमापन खात्याकडून फेरपडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो. काटा हलतोय म्हणजे बरोबर मोजतोय असे कोणी सभासद मान्य करील काय? कॅमेऱ्याचेही तेच. काच काढून नवी बसवली की त्याचा कोन केसभर बदलतो. एका अंशाचा फरक म्हटला तर डोळ्याला दिसत नाही, पण ५० मीटरवर तो सुमारे ८७ सेंटिमीटर होतो आणि १०० मीटरवर पावणेदोन मीटर. म्हणजे शेजारच्या पट्ट्यातली गाडी त्याला आपल्या पुढे वाटेल, किंवा आपल्या पुढची बाजूला वाटेल. इशाऱ्याचा दिवा प्रत्येक वेळी लागेलच असेही नाही. म्हणून दिवा नाही, अर्थी सगळे ठीक, असे धरून चालू नये.

ही नजर जुळवण्याच्या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात. त्याच्या दोन रीती आहेत. एकीत सपाट जमिनीवर, ठरलेल्या उजेडात, गाडीपुढे मोजून अंतरावर खुणांचा फलक उभा करतात व यंत्र जोडून कॅमेरा जुळवतात. दुसरीत यंत्र जोडून, पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवतात. काही गाड्यांना दोन्ही लागतात. रस्त्याकडेच्या काचवाल्याकडे ही सोय बहुधा नसते. त्याचा दोष नाही, पण आपण आधी विचारले पाहिजे.

आता विम्याकडे वळू. पहिली गोष्ट, नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत आपल्या काचेला एक पैसाही मिळत नाही. येथे अनेकांची फसगत होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे "आपला तीन वर्षांचा विमा आहे की" असे लोक म्हणतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो आणि केव्हाच संपलेला असतो. तारीख पाहून घ्यावी.

नुकसानीचा भाग चालू असेल तर नेहमीच्या पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत. रबर, प्लॅस्टिक, नायलॉनच्या भागांवर ५० टक्के कापतात. सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीला २,००० रुपये. झिरो डेप घेतले म्हणजे कॅलिब्रेशन आपोआप आले, असा समज आहे तो चुकीचा. झिरो डेप फक्त सुट्या भागांच्या घसाऱ्यापुरते आहे, आणि कॅलिब्रेशन ही मजुरी आहे. पॉलिसीत कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनचा शब्द सहसा सापडत नाही. मागणी करायची ती अपघाताच्या दुरुस्तीचा आवश्यक भाग म्हणून, कारण काच बदलल्यामुळेच ते करावे लागते. अपघाताविना कॅमेरा आपसूक बिघडला तर मात्र तो यांत्रिक वा विद्युत बिघाड. त्याला भरपाई नाही.

म्हणून सारे काही काच काढण्यापूर्वी ठरते. तडा गेलेल्या काचेचे आणि गाडीच्या नंबराचे फोटो घ्या, क्लेम नोंदवा. वर्कशॉपच्या एस्टिमेटमध्ये काच, चिकटवण्याचा मसाला, मजुरी आणि कॅलिब्रेशन ही रक्कम स्वतंत्र ओळीत लिहायला लावा. किरकोळ खर्चात ती घुसडली की सर्व्हेअरच्या पेनाखाली पहिली तीच जाते. सर्व्हेअरची मंजुरी तोंडी नको, मेसेजवर किंवा ई-मेलवर घ्या. काम झाल्यावर यंत्रातून निघणारा कॅलिब्रेशनचा छापील अहवाल मागून घ्या व बिलाला जोडा.

क्लेम करावाच का, हा हिशेबही घालावा. समजा, स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १६,००० रुपये आहे आणि नो क्लेम बोनस ५० टक्के मिळतो. क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५, ५० असा पुन्हा चढतो. हप्ता तेवढाच धरला तर पाच वर्षांत ८,०००, ४,८००, ४,०००, २,४०० आणि ८०० मिळून २०,००० रुपये जादा जातात. तेव्हा अशा सभासदाने कॅलिब्रेशनसह १८,००० चे बिल खिशातून भागवावे, ४५,००० चे असेल तर क्लेम करावा. बोनस राखणारे जादा कलम घेतले असेल तर गणित बदलते. त्यात काचेचा क्लेम कसा मोजतात ते एजंटाला विचारून, उत्तर लिहून घ्या.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागावे आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ज द्यावा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. पुणे व मुंबई येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही. उपरोक्त सभासदाने वर्कशॉपकडून "काच बदलल्यामुळे हे काम करावे लागले" असे पत्र घेऊन कंपनीकडे अर्ज केला. दोन महिने हेलपाटे झाले, पण कॅलिब्रेशनची रक्कम खात्यावर आली.

जाता जाता ट्रॉलीवाल्या सभासदांसाठी: कॅमेरा कितीही नीट जुळवला तरी रात्री बिनदिव्याची, चिखलाने माखलेली ट्रॉली त्याला दिसेलच असे नाही. मागचे लाल रिफ्लेक्टर पुसून घ्यावेत, आणि उखडले असतील तर पुढच्या खेपेआधी नवे लावावेत.