एकसुरी आणि एकश्रुती

बेळगावात इंग्रजी शिकवू लागलो त्या आरंभीच्या वर्षांतली गोष्ट. आजोबा 'मोनोटोन' आवाजात पोथी वाचीत, असे एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते. मी तांबड्या शाईने तेथे 'मोनोटोनस' केले. वही परत घेताना ती हळूच म्हणाली, "पण सर, मला ऐकताना कंटाळा येत नसे." चूक माझी होती.

दोन्ही शब्दांचे मूळ ग्रीक. 'मोनोस' म्हणजे एकटा. 'टोनोस' म्हणजे ताण, आणि त्यावरून ताणलेल्या तारेचा स्वर. आपली 'तान' ज्या 'तन्' धातूची, त्याच कुळातला हा 'टोनोस'. मात्र मूळ एक असूनही व्यवहार निराळा. 'मोनोटोन' बहुधा नाम म्हणून येतो, क्वचित विशेषण होतो. स्वर बदलत नाही, एवढेच तो सांगतो. 'मोनोटोनस' निवाडा देतो. त्यात ऐकणाऱ्याचा कंटाळा आहे. म्हणूनच नोकरी, प्रवास, रोजचे जेवण यांनाही तो लागतो. तंबोरा मैफलभर तेच स्वर देत राहतो. त्याला 'मोनोटोनस' म्हणणारा गाणे ऐकावयास आलाच नाही! अशा अखंड नादाला इंग्रजीत 'ड्रोन' म्हणतात, पण वक्त्याला 'ड्रोनिंग' म्हटले की निंदा झाली.

'टोनलेस' म्हणजे भावशून्य. 'फ्लॅट' जवळजवळ तसाच. परंतु गायकाविषयी बोलताना त्याचा अर्थ सूर उतरला असा होतो, हे विसरू नये.

'मोनोटॉनिक' हा शब्द मात्र आता बव्हंशी गणिताचा. १, २, ४, ८ ही श्रेणी 'मोनोटॉनिक' आहे. तीत प्रत्येक पद बदलते, फक्त चढण्याची दिशा उलटत नाही. न बदलणाऱ्या आवाजासाठी विद्यार्थ्यांनी तो वापरू नये, हे बरे.

मराठीत आपण सर्वत्र 'एकसुरी' म्हणून मोकळे होतो, आणि त्या शब्दाला दोषाचा वास आहे. निर्दोष शब्द पाणिनीपाशी सापडतो: 'एकश्रुती'. उदात्त, अनुदात्त, स्वरित हे भेद न ठेवता केलेला उच्चार म्हणजे एकश्रुती. दूरच्या माणसाला हाक मारताना तो ती सांगतो; यज्ञकर्मातही, जप व साम यांसारखे अपवाद वगळून, सांगतो. कंटाळ्याचा तेथे प्रश्नच नाही.

तो निबंध आज मराठीत आणावयाचा झाल्यास आजोबा एकश्रुतीने पोथी वाचीत, असे मी लिहीन; 'एकसुरी' हे विशेषण माझ्या त्या वर्षीच्या तासांसाठी राखून ठेवीन.