उस्मानाबादच्या बायकांची तपासणी
(विषाणू आणि कर्करोग : भाग ४)

एचपीव्ही या विषाणूची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशीचे पी५३ आणि आरबी हे दोन रखवालदार कसे निकामी करतात, ते मागच्या भागात पाहिलं. पण बहुतेक बायकांच्या अंगातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्यापैकी काहींना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, आणि त्यालाही बहुधा १५-२० वर्षं लागतात. एवढी वर्षं बाईला काही म्हणजे काही जाणवत नाही. रोग गाठायचा तो याच काळात. कसा, याचं भक्कम उत्तर जगाला मराठवाड्यातून मिळालं.

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ समूह पाडून ते चार गटांत विभागले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. काही गावांत एचपीव्हीची चाचणी झाली, काहींत पॅप, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणी, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा.

निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी या कर्करोगाने गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ पैकी ३४. मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, तेही चाचणीची एकच फेरी होऊन. बाकी दोन्ही पद्धतींनी तिथे मृत्यूंत ठळक घट दिसली नाही. कारण त्यांत पेशींत झालेला बदल माणसाच्या नजरेला दिसावा लागतो. एचपीव्ही चाचणी थेट विषाणूच शोधते. चाचणीत विषाणू न सापडलेल्या बायकांत पुढे कर्करोगाचं प्रमाण वर्षाला लाखामागे ३.७ होतं. पॅपचा अहवाल चांगला आलेल्यांत ते १५.५ होतं.

त्या ६४ बायकांचा आकडा मी सहज ओलांडून जाऊ शकत नाही. तुलनेसाठी एक गट तपासणीविना ठेवावा का, यावर नंतर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आज जगभर एचपीव्ही चाचणीचा आग्रह धरला जातो, त्यामागे या बायकाही उभ्या आहेत.

एचपीव्हीच्या लसीच्या बाबतीतही बार्शीचं नाव येतं. २००९ मध्ये भारतात अनेक केंद्रांवर लसीचे किती डोस पुरतात याचा अभ्यास सुरू झाला. बार्शी त्यातलं एक केंद्र. २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. पुढे दहा वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं, की १६ आणि १८ या घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एक डोसही चांगलं संरक्षण देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यात या मुलींच्या नोंदींचा वाटा आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरमच्या सर्व्हाव्हॅक या लसीला परवानगी मिळाली.

आता पुन्हा चाचणीकडे. इंदूरच्या पोलोग्राउंडसारख्या कारखान्यांच्या भागात रोजावर राबणाऱ्या बाईला दवाखान्यासाठी खाडा परवडत नाही. अंगावरून पांढरं जातंय, संबंधानंतर रक्त दिसतंय, पाळी गेल्यावर पुन्हा डाग पडतोय, हे सगळं ती अंगावर काढते. अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांनीच तपासायला हवं; पण ती दिसण्याआधीच रोग गाठायला तिच्यासाठी एचपीव्ही चाचणीची एक सोय मोलाची आहे: नमुना बाईला स्वतःच घेता येतो. आडवं पडून तपासून घ्यायचा संकोच नाही, रांग नाही. विषाणू सापडलाच तर पुढची तपासणी करून बिघडलेला भाग गोठवून किंवा काढून टाकतात, बहुतेकदा त्याच दिवशी घरी पाठवतात.

मुलीला लस देऊन आणणाऱ्या आईने स्वतःचीही चाचणी करून घ्यावी. आधीच शिरलेल्या विषाणूवर लसीचा इलाज चालत नाही. शिवाय लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर चाचणी हवीच, कारण लस सगळ्या घातक प्रकारांना अडवत नाही.

पुढच्या भागात : हाच विषाणू आणि पुरुषांचा घशाचा कर्करोग.