बाण नव्हे, शेपूट बघा!

गाळप चालू असतं तेव्हा आपल्या भागात वाऱ्याची दिशा कुणी कुणाला विचारत नाही. कारखान्याच्या चिमणीकडं एक नजर टाकली की काम झालं. पण हंगाम आटोपतो, चिमणी थंड होते, आणि नेमकं त्याच वेळी सुरू लागणीत तणनाशकाचे पंप खांद्याला लागतात. वारं कुणीकडचं आहे हे कळायची खरी गरज तेव्हाच असते.

हे शहाणपण आम्हाला उशिरा आलं. चार वर्षांमागची गोष्ट. एप्रिल अखेर आमच्या उसात २,४-डी मारायचं होतं. बांधापलीकडं पूर्वेला आमच्या चुलत्यांची, आबांची, द्राक्षबाग. खरड छाटणी होऊन कोवळी फूट बाहेर पडत होती. सकाळी पान हलत नव्हतं म्हणून फवारणी सुरू केली. दहाच्या पुढं पश्चिमेचं वारं सुटलं, पण राहिलं होतं अर्धा एकर. उरकून टाकू म्हटलं आणि उरकलं. आठवड्यानं आबांच्या बांधाकडच्या तीन ओळींचे शेंडे वळले, पानं आखडून पंख्यासारखी झाली. द्राक्ष, कपाशी, टोमॅटो यांना या औषधाचा नुसता वास सोसत नाही म्हणतात, ते डोळ्यांनी पाहिलं. त्या ओळींना त्या साली माल धरला नाही. आबा भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आरं, वारं कुनीकडं हाय ते तरी बघायचं!" त्यानंतर विहिरीच्या पाळीचा निरोपसुद्धा गड्याकरवी येऊ लागला. नुकसान भरून देता येतं, पण ही अबोल्याची गोष्ट जड जाते.

त्या पावसाळ्यात घरी बसून लाकडाचं वातकुक्कुट केलं. शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी ते पाहिलेलं आहे. युरोपात चर्चच्या कळसावर वाऱ्यानं फिरणारा कोंबडा बसवत, त्यावरून हे नाव. कल्पना त्याहून जुनी आहे. ग्रीसमध्ये अथेन्सला दोन हजार वर्षांपूर्वीचा अष्टकोनी मनोरा आहे, त्याच्या माथ्यावर वाऱ्याबरोबर फिरणारी ब्राँझची मूर्ती होती. आपल्याला कोंबडाही नको आणि मूर्तीही नको. साधा बाण पुरे.

जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान घरात पडलेलं होतं. त्यातून अडीच फूट लांब, इंचभर जाडीचा दांडा रंधून काढला. मागं बारा इंच लांब, आठ इंच उंच प्लायवूडची शेपटी खाचेत बसवली, पुढं चार इंचांचं लाकडी टोक. शेपटी टोकापेक्षा पुष्कळ मोठी हवी. वारा तिलाच ढकलतो, म्हणून ती मागं जाते आणि टोक वाऱ्याकडं तोंड करतं. सगळं मर्म एवढंच.

आमचं पहिलं यंत्र मात्र फसलं. दांड्याच्या बरोबर मध्याला भोक पाडून खिळ्यावर ठेवलं, तर वारा असो नसो, ते एकाच दिशेला तोंड करून उभं! शेपटीकडची बाजू जड होती, खांबही जरासा कलला होता. मग जड बाजू उताराकडं जाऊन बसायची. दुसरं म्हणजे पावसात लाकूड फुगलं आणि भोकानं खिळा आवळून धरला.

दुसऱ्या खेपेला टोकाकडं लोखंडी नट बांधून वजन वाढवलं, दांडा बोटावर तोलून पाहिला, आणि तोल जिथं साधला तिथंच खाली चार इंचांचा ठोकळा बसवला. ठोकळ्यात गिरमिटानं भोक पाडून टीव्हीच्या जुन्या अँटेनाची ॲल्युमिनियमची नळी ठोकली. नळीचं वरचं तोंड जाड पत्र्याच्या टिकलीनं बंद केलं. सहा इंची खिळ्याचं डोकं कापून, टोक वर ठेवून तो कळकाच्या माथ्यात मारलेल्या लाकडी खुंटीत पक्का केला. नळीत ग्रीस घातलं. लाकडाला जवसाचं तेल दोनदा पाजलं. पंधरा फुटी कळक ओळंबा लावून सरळ उभा केला. विहिरीवरचं झाड आणि घर यांच्यापासून लांब, बांधावर. झाडाच्या आडोशाला वारा भोवंडतो आणि यंत्र खोटं बोलतं.

खाली उ, पू, द, प अशी चार अक्षरं लावायला उत्तर दिशा नक्की हवी. दुपारची सर्वांत आखूड सावली उत्तर दाखवते, पण आपल्याकडं मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो. त्या दिवशी सावली नाहीशी होते आणि पुढं काही आठवडे उलट दक्षिणेला पडते. म्हणून आम्ही रात्री ध्रुवतारा धरून खुणा केल्या.

आता वाचायचं कसं? बाण जिकडं तोंड करतो, तिकडून वारा येतो. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. पण फवारणाऱ्याला बाणाशी कर्तव्य नाही. शेपूट जिकडं, तिकडं औषध जाणार. शेपूट आबांच्या बागेकडं असेल तर पंप खाली.

साधं वातकुक्कुट वळायला लागतं ते साधारण ताशी ६ किलोमीटरच्या वाऱ्याला. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या म्हणजे वारा १२ च्या पुढं गेला, तिथं थांबलेलं बरं. अगदी भल्या पहाटे यंत्र ठार निश्चल असेल तर तीही वेळ चांगली नव्हे. थंड हवेचा थर जमिनीलगत दबून असतो, बारीक तुषार त्यात तरंगत राहतात आणि मग भलतीकडं सरकतात. शिवाय २,४-डी च्या ईस्टर प्रकाराची वाफ फवारणीनंतरही उन्हात उठते. तिथं आमचं लाकूड काही करू शकत नाही. द्राक्षाशेजारी आम्ही तो प्रकार बंदच केला, आणि बांधाकडच्या आठ सऱ्या खुरपून घेतो. मजुरी लागते, लागू दे.

गेल्या वैशाखात पंप भरत होतो तर बांधावरनं हाक आली, "शेपूट कुनीकडं हाय रं?" आबाच होते. म्हटलं, "ओढ्याकडं हाय, आबा." "मग मार," म्हणाले, आणि जरा वेळानं जवळ येऊन कळक हलवून पाहिला. खिळा गंजायला लागलाय, ग्रीस घाल, असं सांगून गेले. घातलं.