'पाणी' या शब्दाचे सोबती : जबलपूरच्या मराठीतील शब्दसाहचर्याचा एक प्रश्न

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास 'वॉटर' या शब्दाचा अर्थ पहिल्याच दिवशी कळतो. त्या शब्दाचे सोबती मात्र वर्षानुवर्षे कळत नाहीत. गोड्या पाण्याला तो 'स्वीट वॉटर' म्हणून मोकळा होतो. त्यात व्याकरणाचा दोष नसतो आणि कोशातील अर्थाशीही विरोध नसतो. तरीही इंग्रजी माणसाला ते खटकते, कारण त्याच्या भाषेत ते 'फ्रेश वॉटर' असते. 'हार्ड' हे विशेषण लागले की साबणाचा फेस होऊ न देणारे पाणी, आणि 'हेवी' लागले की अणुभट्टीत वापरावयाचा द्रव. मराठी परिभाषेने या द्रवाला 'जड पाणी' म्हटले व पहिल्यासाठी 'दुष्फेन' हा शब्द घडविला. परंतु 'इकडचे पाणी जड आहे' असे म्हणणाऱ्या वृद्धेच्या मनात अणुभट्टीही नसते आणि साबणही नसतो. ते पाणी पचत नाही, एवढेच तिला सांगावयाचे असते.

शब्दाशब्दांतील या नित्य सोबतीस शब्दसाहचर्य म्हणता येईल. हॅरल्ड पामर यांनी इंग्रजीतील अशा जोडण्यांचा अहवाल १९३३ मध्ये टोकियोत प्रसिद्ध केला, आणि फर्थ यांनी १९५१ च्या निबंधात त्यांना अर्थविचारात स्थान दिले. मराठी कोशकारांचे याकडे अगदीच दुर्लक्ष झाले असे नव्हे. मोल्सवर्थ यांच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत शब्दांखाली प्रयोगांची रेलचेल आहे, आणि दाते-कर्वे यांनी तर वाक्संप्रदायांचा स्वतंत्र कोश सिद्ध केला. परंतु कोशकाराचे लक्ष साहजिकच अर्थ भलतीकडे वळलेल्या प्रयोगांकडे जाते. एखाद्याला पाण्यात पाहणे, हक्कावर पाणी सोडणे, कोठेतरी पाणी मुरणे, हे त्याला टिपावेसे वाटते. विहीर आटते, पूर ओसरतो, गटार तुंबते, डबके साचते. यात टिपण्यासारखे काय आहे? घरच्या माणसाला काहीच नाही. नेमकी हीच संपत्ती प्रथम हातची जाते, आणि गेल्याचे कळतही नाही.

याची साक्ष जबलपूरला मिळते. हे शहर १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आले व १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेले. १८६१ मध्ये झालेल्या मध्यप्रांतात नागपूर आणि जबलपूर एकाच कारभाराखाली होती, व ती सोबत १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत टिकली. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले. तेथील मराठी कुटुंबांची शाळा, कचेरी व बाजार ही सर्व हिंदीची झाली. मराठी घरापुरती उरली. अशा घरात मुले जे बोलतात त्यातील शब्द तपासू गेल्यास बहुतेक सारे मराठीच निघतील. सोबती मात्र बदललेले असतात. नर्मदेचा पूर ओसरण्याऐवजी ग्वारीघाटावरचे पाणी 'उतरते'; रस्त्यावर पाणी साचण्याऐवजी 'भरते'; तोंडाला पाणी सुटण्याऐवजी तोंडात पाणी 'येते'; आणि विहीर आटण्याऐवजी 'सुकते'. प्रत्येक ठिकाणी मागे हिंदी वाक्य उभे आहे.

येथे घाईने 'अशुद्ध' हा शिक्का मारणे बरे नव्हे. 'पाणी पडते आहे' हे पावसाविषयीचे वाक्य पुण्याच्या कानास हिंदी वाटेल. पण पावसास पाणी म्हणण्याची रीत वऱ्हाडी-नागपुरी बोलींतही आहे, तेव्हा ते जबलपूरकराने शाळेतून आणले की आजोळाहून, याचा निवाडा सोपा नाही. रस्त्यावर पाणी 'भरणे' तर आता मुंबईतही रुळले आहे. 'शेंदणे' मागे पडले त्याचा दोष हिंदीकडे नसून नळाकडे आहे. शिवाय काही धन दोन्ही भाषांचे सामाईक आहे. हिंदीत एखाद्याचे 'पानी उतारतात', मराठीत त्याचा पाणउतारा करतात. तलवारीचे पाणी, मोत्याचे पाणी, फारसीतून आलेला 'आब' आणि इंग्रजी जवाहिऱ्याचा 'फर्स्ट वॉटर'चा हिरा, ही सारी एकाच कल्पनेची भावंडे दिसतात.

प्रश्न आहे तो 'आटणे'सारख्या क्रियापदांचा. मराठीत विहीर आटते, दूध आटते, आणि कष्टकरी माणूस रक्त आटवितो. या तिन्ही प्रयोगांना एकच धागा आहे. जबलपूरच्या घरात विहीर 'सुकली' की तो धागा एका टोकाला सुटतो. हिंदीत 'खून सूखता है' तो भीतीने. त्यामुळे तेथील नातू 'माझे रक्त सुकले' असे म्हणतो तेव्हा तो घाबरलेला असतो, आणि आजी त्यास विचारते की, बाळा, एवढे कष्ट कसले पडले?