अंगभूत फलनांचे कोष्टक

भिलाईच्या पोलाद कारखान्यासंबंधीचा भारत-सोव्हिएत करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. त्याच सुमारास अमेरिकेत जॉन बॅकस व त्यांचे सहकारी ‘फोरट्रान’ ही संगणकाची भाषा घडवीत होते. १९५७ मध्ये ती वापरात आली. बाकी काढणे, सर्वांत मोठी संख्या निवडणे यांसारखी कामे करणारी फलने या भाषेत आधीच तयार करून ठेवलेली होती. अशा फलनांना अंगभूत फलने म्हणतात. आज्ञावली लिहिणाऱ्याने फलनाचे नाव आणि त्यास पुरवावयाची संख्या एवढेच लिहावयाचे. आतील आकडेमोड त्याच्या दृष्टीस पडत नाही. सोय ती हीच, आणि धोकाही हाच.

भिलाईत पूर्वी १३ मीटर लांबीचे रूळ तयार होत. आता तेथे १३० मीटरचे सलग रूळही लाटले जातात. समजा, १०० मीटरच्या एका तुकड्यातून १३ मीटरचे किती रूळ निघतील हे काढावयाचे आहे. भागाकार सुमारे ७.६९ येतो. ‘इंट’ हे फलन अपूर्णांक छाटून ७ हे उत्तर देते. १९७७ च्या मानकाने आणलेले ‘निंट’ मात्र जवळचा पूर्णांक म्हणून ८ देते. आठ रुळांना १०४ मीटर लागतात. तेव्हा आठवा रूळ कागदावरच राहणार. दोष संगणकाचा नव्हे. दोन्ही फलने आपापल्या व्याख्येशी प्रामाणिक आहेत. ती व्याख्या वाचली गेली नाही, इतकेच.

१९६६ च्या अमेरिकी मानकात ३१ अंगभूत फलनांचे एक कोष्टक आहे. फलनाची व्याख्या, त्यास किती संख्या द्यावयाच्या, त्याचे नाव, घेतलेल्या व मिळणाऱ्या संख्येचा प्रकार, असे त्याचे रकाने. दिसावयास रुक्ष, परंतु ऋण संख्येची छाटणी शून्याच्या दिशेने होते, म्हणजे -२.७ चे -२ होतात, -३ नव्हे, हे तेथेच कळते.

भाषा बदलली की जुन्या सवयीवर विसंबून चालत नाही. -७ ला ३ ने भागल्यावर फोरट्रानचे ‘मॉड’ -१ देते, तर आजच्या पायथॉन भाषेतील बाकीचे चिन्ह २ देते. २.५ चा जवळचा पूर्णांक फोरट्रानच्या लेखी ३, पायथॉनच्या लेखी २. कारण बरोबर मध्यावरील संख्या पायथॉन सम पूर्णांकाकडे वळविते. ज्या काढणाऱ्या फलनास तर दोन्ही भाषांत कोन रेडियनमध्येच द्यावा लागतो. अंशांच्या सवयीने ३० लिहिल्यास ०.५ ऐवजी सुमारे -०.९८८ हे उत्तर येते, आणि संगणक कोणतीही हरकत घेत नाही.