संगीतशिक्षक गुस्ताव होल्स्ट आणि त्यांची संस्कृतोपासना

इंग्लंडचे विख्यात संगीतरचनाकार गुस्ताव होल्स्ट यांचें नांव निघालें म्हणजे 'दि प्लॅनेट्स' अर्थात् 'ग्रह' ही एकच रचना लोकांस आठवते. तिच्या तेजांत त्यांच्या चरित्रांतील दोन गोष्टी झांकल्या गेल्या आहेत. एक, ते सुमारें तीस वर्षें मुलींच्या शाळेंत संगीत शिकवीत होते; आणि दुसरी, त्यांच्या उमेदीच्या काळांतील कित्येक रचना संस्कृत वाङ्मयावर आधारलेल्या आहेत. 'ग्रहां'कडे जाणारी वाट या दोन्ही गोष्टींतूनच गेली होती, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

होल्स्ट यांचा जन्म ता. २१ सप्टेंबर १८७४ रोजीं चेल्टनहॅम येथें झाला. वडील पियानोवादक होते व मुलानेंही तीच विद्या संपादावी अशी त्यांची इच्छा होती. परंतु उजव्या हाताच्या मज्जातंतूंच्या विकारामुळें ती फळास आली नाहीं. इ. स. १८९३ मध्यें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्यें दाखल होऊन होल्स्ट यांनीं स्टॅनफर्ड यांच्यापाशीं रचनाशास्त्राचें अध्ययन केलें. पुढें उपजीविकेसाठीं ट्रॉम्बोन हें पितळी वाद्य हातीं धरून संगीत-नाटक मंडळींत व वाद्यवृंदांत कांहीं वर्षें काढलीं. १९०३ मध्यें तो व्यवसाय सोडून ते अध्यापनाकडे वळले. १९०४ मध्यें डलिच येथील मुलींची शाळा, १९०५ मध्यें हॅमरस्मिथ येथील सेंट पॉल्स मुलींची शाळा आणि १९०७ मध्यें कामकरी लोकांसाठीं चालविलेलें मॉर्ले कॉलेज, अशा तीन ठिकाणीं त्यांनीं कामें पत्करलीं. सेंट पॉल्सची नोकरी त्यांनीं मरणापर्यंत सोडली नाहीं.

संस्कृताचा ध्यास त्यांस याच्या आधींच लागला होता. वेद व महाकाव्यें यांचीं उपलब्ध इंग्रजी भाषांतरें गाण्याजोगीं न वाटल्यामुळें ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत संस्कृत शिकूं लागले. ते पंडित झाले नाहींत, व तसा आवही त्यांनीं आणला नाहीं. कोश जवळ घेऊन एकेका शब्दाचा अर्थ लावावयाचा व मग स्वतःच इंग्रजी पद्य जुळवावयाचें, अशी त्यांची रीत होती. हिंदुस्थानांत ते कधीं आले नाहींत. त्यांच्या या रचनांत आपली राग-तालांची पद्धति शोधूं जाणाऱ्याच्या हातीं फारसें कांहीं लागणार नाहीं. त्यांनीं आपल्याकडून अर्थ घेतला. त्यास स्वर आपल्या देशाचे दिले.

आरंभीं त्यांनीं रामायणावरून 'सीता' हें तीन अंकी संगीत-नाटक रचिलें. त्यावर सहा वर्षें खर्चूनही स्पर्धेंत त्यास पारितोषिक मिळालें नाहीं. त्यावर वाग्नर या जर्मन रचनाकाराची दाट छाया होती. यानंतर १९०८-०९ मध्यें लिहिलेली 'सावित्री' पाहिली म्हणजे हाच का तो लेखक, असें वाटतें. अंक एक, वेळ सुमारें अर्ध्या तासाची, पात्रें तीन, वाद्यें बारा आणि पडद्याआड गाणारा स्त्रियांचा लहानसा वृंद, एवढाच पसारा. आरंभीं रंगभूमीबाहेरून मृत्यूचा स्वर कोणत्याही वाद्याच्या साथीवांचून ऐकूं येतो. वनपर्वांतील सावित्री यमाकडून एकामागून एक वर मागून घेते. होल्स्ट यांनीं अश्वपति, नारद व ते सर्व वर गाळून एकच वर ठेविला. सावित्री स्वतःसाठीं जीवित मागते, आणि तें मिळतांच पतीवांचून माझें जीवित अपुरें आहे असा पेंच मृत्यूपुढें टाकते. कथेचें सार न सोडतां केलेला असा संक्षेप मूळ ग्रंथ मनांत मुरल्यावांचून साधत नाहीं.

याच सुमारास त्यांनीं ऋग्वेदांतील उषा, वरुण, मरुत्, मंडूक, वाक्, श्रद्धा इत्यादि नऊ सूक्तांवर एकल गीतें रचिलीं (१९०७-०८), व १९०८ ते १९१२ या काळांत वृंदगानाचे चार गट सिद्ध केले. त्यांतील तिसरा गट केवळ स्त्रियांचे आवाज व हार्प यांसाठीं आहे. या रचना शाळेसाठींच लिहिल्या होत्या असें नव्हे. परंतु मुलींचा आवाज कोठें खुलतो व कोठें ताणला जातो, हें नित्य वर्गांत ऐकणाऱ्यास जसें कळतें तसें इतरांस कळणें कठीण, असें माझें अनुमान आहे.

'मेघदूता'वरील त्यांची मोठी वृंदरचना मार्च १९१३ मध्यें लंडनला गायिली गेली; ती लोकांस रुचली नाहीं. या अपयशानें खिन्न झालेल्या होल्स्ट यांस मित्रांनीं स्पेनकडे प्रवासास नेलें. तेथें फलज्योतिषाचा विषय निघाला, व त्यांतून 'ग्रहां'चें बीज पडलें. त्याच वर्षीं सेंट पॉल्समध्यें संगीतासाठीं नवी इमारत झाली व तींत त्यांस बाहेरचा आवाज न येणारी एक खोली मिळाली. आठवडाभर शिकवावें आणि रविवारीं व सुटींत त्या खोलींत बसून लिहावें, असें करीत १९१४ ते १९१७ या काळांत ती रचना पुरी झाली. हात दुखूं लागे तेव्हां शाळेंतील सहशिक्षिका लेखनास साह्य करीत.

ता. २९ सप्टेंबर १९१८ रोजीं एड्रियन बोल्ट यांच्या संचालनाखालीं तिचा पहिला खाजगी प्रयोग झाला. शेवटच्या 'नेपच्यून' भागांत अदृश्य स्त्रीवृंदाचे स्वर हळूहळू विरत जातात. ही योजना 'सावित्रीं'तील पडद्याआडच्या वृंदाचीच पुढची पायरी होय. आणि त्या दिवशीं तें गाणाऱ्यांत होल्स्ट यांच्याच शाळेच्या व कॉलेजच्या विद्यार्थिनी होत्या.

यानंतर कीर्ति आली. त्यांनीं स्वतः 'ग्रहां'चें संचालन करून तें दोनदां ध्वनिमुद्रित केलें, १९३२ मध्यें हार्वर्ड येथें अध्यापन केलें व बोस्टनच्या वाद्यवृंदाचें संचालनही केलें. तरी १९३३ मध्यें, प्रकृति ढांसळली असतां, त्यांनीं जी 'ब्रूक ग्रीन स्वीट' लिहिली ती शाळेच्या लहान मुलींच्या वाद्यवृंदासाठीं. ता. २५ मे १९३४ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांची कन्या इमोजेन याही रचनाकार, संचालिका व शिक्षिका झाल्या, आणि १९५०-५१ च्या हिवाळ्यांत शांतिनिकेतनांत येऊन राहिल्या. पित्यास जो देश केवळ कोशांतून दिसला तो कन्येनें डोळ्यांनीं पाहिला.

शाळेची नोकरी मनुष्याच्या प्रतिभेस खाऊन टाकते, असें पुष्कळदां ऐकूं येतें. सारें आयुष्य वर्गांत घालविलेल्या माझ्यासारख्यासही तसें कधीं कधीं वाटलें आहे. होल्स्ट यांचाही वेळ शाळेनें घेतला, यांत संशय नाहीं. परंतु मोबदल्यांत तिनें त्यांस एक निवांत खोली, लिहिणारे हात आणि गाणारे कंठ दिले. 'ग्रह' ऐकतांना शेवटीं विरत जाणारे ते स्वर एका मास्तरच्या विद्यार्थिनींनीं प्रथम गायिले होते, एवढें ध्यानांत राहिलें तरी पुरे.